मासे सगळ्यात शेवटी: दोन फुटी टाकीत झाडं आणि छोटे रंगीत मासे

बहुतेक घरांत फिश टँक एकाच फेरीत येतो. टाकी, निळी खडी, प्लास्टिकची झाडं, बुडबुडे सोडणारा पेटारा आणि पिशवीत दहा-बारा मासे. संध्याकाळपर्यंत सगळं मांडून तयार. पंधरवड्यात निम्मे मासे तरंगायला लागतात आणि दुकानदाराने आजारी मासे गळ्यात मारले असं ठरतं. बऱ्याचदा दुकानदाराचा दोष नसतो, खरेदीचा क्रम चुकलेला असतो. जिवंत झाडांच्या टाकीत आधी पाणी बघायचं, मग माती आणि झाडं लावायची आणि मासे महिन्याभराने आणायचे.

आपलं पाणी कसं आहे?

मासा कोणता घ्यायचा हे तुमचा नळ ठरवतो. मुंबईला तलावांचं पाणी येतं, पुण्याला धरणाचं. दोन्ही तशी मऊ, क्षार कमी असलेली. त्यात निऑन टेट्रा, एंबर टेट्रा, हार्लेक्विन रासबोरा मजेत राहतात. मराठवाड्यात किंवा शहराबाहेरच्या नव्या सोसायट्यांत बोअरचं पाणी असेल, बादलीवर पांढरे डाग पडत असतील, साबणाला फेस येत नसेल, तर टेट्रांचा हट्ट सोडा. गप्पी, एंडलर, प्लॅटी घ्या. महापालिकेचे लोक डासांच्या अळ्या खायला विहिरींत आणि टाक्यांत सोडतात तो गप्पी आणि दुकानातला झुलत्या शेपटीचा गप्पी ही एकच जात आहे. कठीण पाणी त्याला उलट मानवतं. आरओचं नुसतं पाणी मात्र घालू नका, त्यात माशाला आणि झाडांना लागणारे क्षारच उरत नाहीत. वापरायचंच असेल तर नळाच्या पाण्यात मिसळून वापरा.

टाकी

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तर साधारण ५६ लिटर, माती-खडी धरून प्रत्यक्षात ४५. काचेचा गोल बाऊल आणू नका. पाणी जितकं कमी तितकं ते लवकर तापतं आणि लवकर बिघडतं. भरलेल्या टाकीचं वजन पाऊणशे किलोच्या घरात जातं, त्यामुळे टीव्हीचं टेबल चालणार नाही. टाकीखाली थर्माकोलची शीट घाला आणि थेट ऊन येणारी खिडकी टाळा. दिशा वास्तूवाल्यांना विचारायची तर विचारा, पण ऊन नक्की बघा.

माती आणि झाडं

खरं काम इथे आहे, घाई करू नका. खत किंवा शेण न घातलेली बागेतली माती चाळून घ्या, दोन-तीनदा पाण्यात भिजवून वर तरंगणारा कचरा काढून टाका. तळाला इंचभर माती, त्यावर दीड इंच बारीक खडी, दोन-तीन मिलिमीटरची, शक्यतो काळी किंवा तपकिरी. गडद तळावर मासे गडद दिसतात आणि पांढऱ्यावर फिके पडतात. खडी घेताना तिच्यावर लिंबू पिळून बघा. फसफसली तर तिच्यात चुना आहे, ती पाणी कठीण करत राहील. शंख-शिंपले आणि संगमरवराचे तुकडे याच कारणासाठी नकोत.

पाणी भरताना खडीवर बशी ठेवा आणि धार बशीवर सोडा, नाहीतर माती उसळून टाकीभर गढूळ होते.

पहिल्या वेळी महागडी लाल झाडं घेऊ नका. मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरिया आणि हायग्रोफिला, मध्ये क्रिप्टोकोरीन, लाकडावर किंवा दगडावर दोऱ्याने बांधलेली जावा फर्न आणि अनुबियस. या शेवटच्या दोघांचा आडवा खोडासारखा कंद खडीत पुरलात तर तो कुजतो. क्रिप्टोकोरीन लावल्यावर आठवड्याभरात तिची पानं गळून चिखल होतात, म्हणून ती मेली असं समजू नका. मुळं जागेवरच ठेवा, नवीन पाणी पचलं की ती पुन्हा फुटते. ही परदेशी चीज आहे असंही नाही. क्रिप्टोकोरीन स्पायरॅलिस आपल्या पश्चिम घाटातल्या ओढ्यांतच वाढते. म्हणून ओढ्यातून उपटून मात्र आणू नका, दुकानात लागवडीची मिळते. झाडं सुरुवातीलाच दाट लावा. मोकळी जागा राहिली की तिथे शेवाळ धरतं.

एलईडी दिवा रोज सहा ते आठ तास, टायमर लावून. दिवा जास्त वेळ ठेवला तर झाडांपेक्षा शेवाळाचंच फावतं.

बिनमाशांचा महिना

मासा आणि उरलेलं खाणं यांतून पाण्यात अमोनिया सुटतो, तो विषारी असतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंचसं निरुपद्रवी असतं आणि झाडं खातात. ही जिवाणूंची वसाहत फिल्टरच्या, म्हणजे टाकीतलं पाणी गाळणाऱ्या पंपाच्या, स्पंजमध्ये आणि खडीत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर फिल्टर चोवीस तास चालू ठेवा आणि एकदिवसाआड चिमूटभर माशांचं खाणं टाका, म्हणजे जिवाणूंना काम मिळेल. मातीतूनही सुरुवातीला अमोनिया सुटतो, म्हणून आठवड्यातून दोनदा निम्मं पाणी बदला. काचेवर तपकिरी साय धरेल, ती पुसून टाका. पाणी तपासायच्या टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले आणि झाडांना नवी पानं फुटली, की बाजारात जा.

आता मासे

एकाच जातीचे आठ-दहा घ्या. पाच जातींचे दोन-दोन घेतले तर ते कोपऱ्यात दबून बसतात. थव्याने राहणारा मासा थव्यातच मोकळा फिरतो. उन्हाळ्यात घर तापत असेल तर निऑनऐवजी कार्डिनल टेट्रा बरा, त्याला ऊबदार पाणी चालतं. दोघांत फरक असा, की कार्डिनलचा लाल पट्टा अंगभर असतो आणि निऑनचा शेपटीकडच्या अर्ध्या भागातच. गप्पी घेणार असाल तर नुसते नर घ्या. रंग त्यांनाच असतो. माद्या एकट्या आणल्या तरी पोटात महिनोन्‌महिने वीर्य साठवून पिल्लं देत राहतात.

पारदर्शक ग्लास फिशच्या अंगावर गुलाबी-हिरवे पट्टे दिसले तर तो रंग सुईने टोचलेला असतो, घेऊ नका. 'मिस केरला' म्हणून मिळणारा लाल रेघेचा बार्बही सोडा. २०१३ मध्ये त्याच्या शास्त्रीय नावाचा पहिला भाग सह्याद्रीवरून 'सह्याद्रिया' असा झाला. मासा देखणा आहे, पण पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि निसर्गात धोक्यात आहे.

पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग दर पाच मिनिटांनी वाटीभर टाकीतलं पाणी तिच्यात घाला. शेवटी मासे जाळीने उचलून सोडा, दुकानातलं पाणी बेसिनमध्ये ओता.

नंतरचं

दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं. आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, नव्या पाण्यात अँटी-क्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) घालून. स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. काढलेल्या पाण्यातच तो पिळा आणि ते पाणी कुंड्यांना घाला. पिल्लं जास्त झाली तर ओळखीत वाटा, नदी-तळ्यात सोडू नका. थंडीत पाणी वीस अंशांखाली गेलं तर ५० वॅटचा हीटर लावा. विदर्भातल्या उन्हाळ्यात छोटा पंखा पाण्यावर मारला की दोनेक अंश उतरतात.

गणपतीला चार-पाच दिवस गावी जाणार असाल तर शेजारच्या काकूंना खाणं घालायला सांगू नका, त्या मायेने मूठभर घालतील. पूर्ण वाढलेले मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. फक्त निघताना सवयीने मेन स्विच बंद करू नका, फिल्टर त्याच्यावरच आहे.