गोव्यातील मांडवी-झुआरी नद्यांवरील बार्ज आणि फेरीबोटींसाठी हरित इंधनाची निवड कशी करावी

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2023 मध्ये ठरवलेल्या धोरणानुसार 2030 पर्यंत आंतरराष्ट्रीय जहाज वाहतुकीच्या एकूण ऊर्जेपैकी किमान 5 टक्के ऊर्जा शून्य किंवा जवळपास शून्य उत्सर्जनाच्या इंधनांतून यायला हवी आणि 2050 च्या सुमारास निव्वळ उत्सर्जन शून्यावर यायला हवे. ऊन, वारा आणि लांब किनारा लाभलेल्या भारतासारख्या विकसनशील देशाला ही मोठी संधी आहे. केंद्र सरकारने जानेवारी 2023 मध्ये 19,744 कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले (सौर किंवा पवन विजेने पाण्यापासून मिळवलेला तो हरित हायड्रोजन) आणि कांडला, पारादीप व तुतिकोरिन या बंदरांना हरित हायड्रोजनची केंद्रे म्हणून पुढे आणले. गोव्याकडे सौर प्रकल्पांसाठी तेवढी मोकळी जमीन नाही, आणि ती आहे असे मानून योजना आखू नये. आपले बळ नदीकाठच्या जहाजबांधणी कारखान्यांत आणि खनिज वाहतुकीत वर्षानुवर्षे घडलेल्या, बार्ज हाकणाऱ्या सारंगांच्या आणि इंजिन सांभाळणाऱ्या ड्रायव्हरांच्या हातांत आहे. म्हणून बार्ज (सपाट तळाची मालवाहू बोट), फेरीबोट किंवा लहान यार्ड ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी सुरुवात कुठून करावी, एवढेच येथे मांडले आहे.

पहिले काम मोजमापाचे आहे. महिन्याच्या डिझेलच्या बिलावरून इंधनाची निवड करता येत नाही, कारण त्यात जेटीवर थांबलेल्या वेळेतला जनरेटरचा खर्च आणि भरतीच्या विरुद्ध चढतानाचा इंजिनाचा खर्च एकत्र मिसळलेला असतो. किमान एक पूर्ण हंगाम प्रत्येक फेरीच्या आधी आणि नंतर टाकीत पट्टी सोडून डिप घ्यावी, म्हणजे इंधनाची पातळी मोजावी. वहीत इंजिनाचे तास, भार, भरती-ओहोटी आणि धक्क्यावर थांबलेला वेळ असे रकाने स्वतंत्र ठेवावेत. डिप घेताना बार्ज कललेली नसावी; पट्टीवरचा बोटभर फरक रुंद टाकीत पुष्कळ लिटरांचा होतो. एक लिटर डिझेल जळताना सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणून हीच वही पुढे उत्सर्जनाचा हिशेबही देते.

त्यानंतर अंतर पाहावे. रोज त्याच दोन धक्क्यांमध्ये ये-जा करणाऱ्या फेरीबोटीला बॅटरी पुरते, हे माझे स्पष्ट मत आहे. केरळमध्ये वेंबनाड तलावावर ‘आदित्य’ ही सौर फेरीबोट 2017 पासून चालते आहे. एक लिटर डिझेलपासून प्रोपेलरच्या दांड्यावर साधारण साडेतीन ते चार युनिट ऊर्जा मिळते. म्हणजे दिवसाला 100 लिटर जाळणाऱ्या बोटीला 350 ते 400 युनिट लागतील, आणि रात्रीच्या थांब्यात तेवढे चार्जिंग देणारी वीजजोडणी धक्क्यावर आहे का, हा प्रश्न बॅटरीच्या किमतीआधी विचारावा. लांबच्या फेरीला द्रव इंधन लागते. एक लिटर डिझेलची ऊर्जा मिळवायला मिथेनॉल (एक प्रकारचे अल्कोहोल) सुमारे सव्वादोन लिटर आणि द्रव अमोनिया पावणेतीन लिटरांहून थोडा अधिक लागतो. अमोनिया उणे 33 अंशांवर किंवा दाबाखाली द्रव राहतो आणि तो विषारी आहे. समुद्रगामी मोठ्या जहाजांसाठी त्याचे महत्त्व मोठे आहे, परंतु वस्तीलगतच्या नदीतील छोट्या बोटीसाठी तो निवडू नये.

मिथेनॉल नेहमीच्या तापमानाला द्रवच असते, त्यामुळे जुन्या बार्जच्या रूपांतरासाठी ते अधिक जवळचे ठरते. तरीही डिझेलच्या टाकीत ते थेट ओतता येत नाही. सुमारे 11 अंशांवरच त्याची वाफ पेट घेऊ शकते आणि ज्वाला उजेडात जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे इंजिनखोलीत दुहेरी भिंतीची नळी, टाकीत नायट्रोजनचे आवरण, वायू ओळखणारी यंत्रणा आणि अल्कोहोलच्या आगीवर टिकणारा फोम लागतो. ॲल्युमिनियमचे भाग आणि काही जातींचे रबर बदलावे लागते. टाकीभोवती मोकळा कप्पा सोडावा लागतो, मात्र पाण्याच्या रेषेखाली बाहेरच्या पत्र्याला लागून असलेल्या बाजूला आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सवलत देतात. बार्जमध्ये जागा शोधताना ही सवलत फार उपयोगाची आहे.

इंधन विकत घेताना ते कशापासून बनले हे लेखी मागावे. आज बाजारात मिळणारे बहुतेक मिथेनॉल नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून बनते, आणि भारत आपल्या गरजेचा मोठा भाग आयात करतो. असे मिथेनॉल जाळले तर निर्मितीपासूनचे एकूण उत्सर्जन डिझेलपेक्षा कमी होत नाही. उलट वाढू शकते. हरित हायड्रोजन आणि जैविक स्रोतातील कार्बन डायऑक्साइड यांपासून, किंवा जैवकचऱ्यापासून बनलेल्या मिथेनॉलचे प्रमाणपत्र नसेल, तर अधिक पैसे मोजण्याला काहीच अर्थ उरत नाही.

कागदपत्रांसाठी बंदर कप्तान खाते आणि जहाजांची तपासणी करून वर्ग ठरवणारी इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग ही संस्था यांच्याकडे आराखडा कागदावर असतानाच जावे, कारण पत्रा कापल्यानंतर सुचवलेला बदल खर्चिक असतो. खलाशांना आयजीएफ, म्हणजे वायू आणि कमी ज्वलनबिंदूच्या इंधनांवरील जहाजांच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसारचे प्रशिक्षण द्यावे. मुरगाव बंदराने 2023 मध्ये ‘हरित श्रेय’ योजनेतून कमी प्रदूषण करणाऱ्या जहाजांना शुल्कात सवलत सुरू केली. युरोपातही जानेवारी 2025 पासून जहाजांच्या इंधनातील हरितगृह वायूंवर मर्यादा लागू झाली आहे. तेथील मालकांसाठी जहाजे बांधू इच्छिणाऱ्या गोव्याच्या यार्डांनी मिथेनॉलच्या नळ्यांचे वेल्डिंग आणि गळती-चाचणी करणारे कारागीर आताच तयार करावेत.

ज्यांना लगेच रूपांतर परवडणार नाही, त्यांनी पावसाळ्यात बार्ज स्लिपवेवर (जहाज पाण्याबाहेर ओढून घेण्याच्या उतारावर) चढेल तेव्हा पुढे टाकी बसेल त्या जागेच्या पत्र्याची जाडी मोजून घ्यावी, नळ्यांचा मार्ग आराखड्यावर आखून घ्यावा आणि बदलायचा पत्रा त्याच मापाने बसवावा.