बोलोन्यात आधी सान लुका चढा, मग जेवा

इटलीत बोलोन्याला मुक्काम असेल तर एक सकाळ सान लुकाच्या टेकडीसाठी ठेवाच. पोर्ता सारागोत्सा या जुन्या वेशीपासून वरच्या चर्चपर्यंत जवळजवळ ३.८ किलोमीटरची वाट आहे आणि ती सगळी कमानींच्या छपराखालून जाते. कमानी तब्बल ६६६! त्यामुळे ऊन असो की पाऊस, चालणं अडत नाही. मेलोन्चेल्लोच्या कमानीपर्यंत रस्ता सपाट, पुढे खरी चढण आणि पायऱ्या. गुडघे कुरकुरत असतील तर तिथूनच मागे फिरा, तेवढंही चालणं छान होतं.

दुपारी एकच्या आत खाली या. बऱ्याच खानावळींची चूल अडीचच्या सुमारास बंद होते ती थेट संध्याकाळी सातनंतर पेटते.

मांसाहारींनी ताज्या पास्त्याच्या रुंद पट्ट्यांवर मंद आचेवर शिजवलेला खिमा, म्हणजे ताल्यातेल्ले अल रागू, खावा. शाकाहारींनी तोर्तेल्लिनी, म्हणजे सारण भरलेला छोटा पास्ता, टाळावी, सारणात डुकराचं मांस असतं. त्याऐवजी रिकोटा हे मऊ चीज भरलेली, आकाराने मोठी तोर्तेल्लोनी लोणी आणि सेजच्या पानांत परतून मागवा. पानं कुरकुरीत होतात, लोण्याला सुरेख वास लागतो. मात्र सारणात बहुधा पार्मेजान चीज असतं आणि ते रेनेटने, म्हणजे वासराच्या जठरातून काढलेल्या, दूध घट्ट करणाऱ्या पदार्थाने बनवतात. ते चालत नसेल तर ऑर्डर देण्याआधीच विचारा.