बंबाची मागची पायरी: नवीन फायरमन होणाऱ्यांसाठी माझा अनुभव

फायरमन म्हणून नवीन लागलात की पहिल्या काही दिवसांतच कोणीतरी सिनियर बंबाच्या मागच्या पायरीकडे बोट दाखवून सांगणार, की आम्ही याच्यावर उभं राहून कॉलला जायचो. आणि खरंच जायचे, ती थाप नाही. केबिनमध्ये ड्रायव्हर आणि ऑफिसर बसले की जागा संपली, बाकीचे मागे आडवी दांडी धरून उभे, काही गाड्यांवर दांडीला अडकवायला पट्टा असायचा आणि ड्रायव्हरला खूण करायला घंटीचं बटण, बस. कोट घालायचा राहिला असेल तर चालत्या गाडीवर एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने बाही चढवायची. ऐकताना अंगावर काटा येतो, मलाही आला होता, आणि आपण पण एकदा उभं राहून बघावं असंही वाटलं होतं.

मी उभा राहिलो ते कॉलला जाताना नाही, तर कॉल संपल्यावर. आग विझलेली, सगळे दमलेले, गाडी फक्त रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला न्यायची होती, कोणीतरी म्हणालं चढ रे मागे, इथंच तर जायचंय. चढलो. हातमोजे ओले, गमबुटाच्या तळाला चिखल, आणि समोर स्पीडब्रेकर. पुढची चाकं त्याच्यावरून गेली तेव्हा काहीच वाटलं नाही, मागची चाकं गेली आणि पायरी खालून अशी उसळली की दोन्ही पाय हवेत, डावा हात सुटला, उजव्या हातावर लोंबकळलो आणि नडगी पायरीच्या काठावर आपटली. गाडीला वेग असा नव्हताच. पुढे गाडी लावून ड्रायव्हरदादा खाली उतरले आणि मला विचारतात, लंगडतोयस का? त्यांना पत्ताच नव्हता! मी पडलो असतो तरी त्यांना कळलं नसतं, कारण बंबाच्या बरोब्बर मागचं आरशात दिसतच नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही ती नडगीमुळे नाही, याच विचाराने.

असं का होतं ते नीट समजून घ्या. पायरी मागच्या चाकांच्याही मागे असते, त्यामुळे चाक जेवढं उचलतं त्यापेक्षा पायरी जास्त उसळते, बसच्या शेवटच्या सीटवर बसलेल्याला हे वेगळं सांगायला नको. त्यात पाण्याची टाकी. २००० लिटर पाणी म्हणजे २ टन वजन, टाकी अर्धी रिकामी असली की वळणावर आणि ब्रेकला ते पाणी हिंदकळतं, आत आडवे पत्रे असतात पण ते हिंदकळणं कमी करतात, पूर्ण थांबवत नाहीत. आणि ६० किमीच्या वेगाने गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते, म्हणजे तुमचा हात सुटला हे तुम्हाला कळेपर्यंत तुम्ही रस्त्यावर आणि मागून येणारी गाडी तुमच्या अंगावर.

अमेरिकेत आगीपासून सुरक्षेची स्टँडर्ड ठरवणारी एनएफपीए नावाची संस्था आहे, १९८७ साली तिचं एनएफपीए १५०० हे स्टँडर्ड आलं, त्यात सगळ्यांनी बसून, बेल्ट लावूनच जायचं असं आलं, आणि १९९१ च्या एनएफपीए १९०१ पासून, म्हणजे बंब कसा बांधायचा त्याच्या स्टँडर्डपासून, नव्या गाड्यांना सगळ्या क्रूसाठी बंद केबिन आली. होज, म्हणजे पाण्याचा पाइप, गाडीत परत भरताना गाडी हळू पुढे न्यावी लागते तेवढी सवलत आहे, पण तिथेही अटी बघा: रस्ता बाकी वाहतुकीला बंद, लक्ष ठेवायला एक वेगळा माणूस, गाडी फक्त पुढे, ती पण ताशी ८ किमीच्या आत, आणि तेव्हासुद्धा पायरीवर कोणी उभं राहायचं नाही. एवढ्या हळू चालीलाही ती पायरी नको म्हणतात, मग विचार करा.

नवीन माणसाने सवय लावायची ती ही: कोट-पँट गाडीत चढायच्या आधी, जमिनीवर. मग सीट, मग बेल्ट, आणि सगळ्यांचे बेल्ट लागले की मगच गाडी हलणार. जाड कोटावरून बेल्टचं बक्कल सापडत नाही म्हणून पोरं बेल्ट सोडून देतात, हे मी फार बघितलंय, तर शिफ्टमध्ये रिकामा वेळ असेल तेव्हा पूर्ण गिअर घालून, हातमोजे चढवून, डोळे मिटून बेल्ट लावायची प्रॅक्टिस करा, आठ-दहा वेळा केलं की हात आपोआप जातो. श्वसनाचा सेट सीटवरच असेल तर तो चढवायला वाटेत बेल्ट काढायचा नाही.

रिव्हर्स घेताना तर अजिबात पायरीवर चढू नका. खाली उतरून ड्रायव्हरच्या बाजूला, आरशात तुम्ही त्यांना दिसाल असे उभे राहा, आणि तुम्हाला त्यांचा चेहरा दिसेनासा झाला की लगेच थांबायची खूण करा.

सिनियरला नाही कसं म्हणायचं हा खरा प्रश्न असतो, नवीन माणसाची जीभच उचलत नाही. मी वाद घालत नाही. "साहेब, मी चालत येतो" म्हणतो आणि चालायला लागतो, ५० मीटरला एक मिनिटही लागत नाही.