ब्रिटनमध्ये एलएलएम: तयारी कशी करावी

घरातलं कुणी कायदा शिकायला लंडनला निघालं की वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजूनही एकच शब्द येतो: बॅरिस्टर. हा समज आधी दूर करावा, कारण पुढचा सगळा खर्च त्यावर ठरतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले ते ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या संस्थेतून. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी केला तो अभ्यास अर्थशास्त्राचा. वकिलीचा परवाना आणि विद्यापीठाची पदवी या तिथे तेव्हाही दोन वेगळ्या वाटा होत्या आणि आजही आहेत.

एलएलएम म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी. ती केल्याने इंग्लंडमध्ये वकिली करता येत नाही. सॉलिसिटर व्हायचं तर एसक्यूई परीक्षा द्यावी लागते. बॅरिस्टर व्हायचं तर एखाद्या इनचं सदस्यत्व, बार कोर्स आणि मग प्युपिलेज, म्हणजे अनुभवी बॅरिस्टरच्या हाताखालची उमेदवारी. आपल्याकडची सनद मिळते ती एलएलबीवर, त्यातही एलएलएमने फरक पडत नाही. मग मिळतं काय? कायद्याची एक शाखा वर्षभर मुळापासून वाचायला मिळते, आणि लवाद, बौद्धिक संपदा, सागरी कायदा अशा क्षेत्रांत काम करणाऱ्या फर्मच्या दारात उभं राहायला बळ मिळतं. एवढ्यासाठी चाळीस-पन्नास लाख किंवा त्याहून जास्त घालायची तयारी असेल तर पुढे वाचा.

प्राध्यापक व्हायचं असेल तर एक खबरदारी आधीच घ्या. एक वर्षाच्या एलएलएमबद्दल बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२० च्या नियमांत कडक भूमिका घेतली आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ब्रिटनमधली एलएलएम बहुतेक ठिकाणी एक वर्षाचीच असते. तेव्हा जिथे शिकवायचं आहे तिथे ही पदवी चालेल का, हे लेखी विचारून घ्या. तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

आधी विषय, मग विद्यापीठ

बहुतेक मुलं क्रमवारीची यादी उघडतात आणि वरून खाली अर्ज करत सुटतात. मला हे पटत नाही. एलएलएमचं मोल तुम्ही कोणत्या विषयात, कोणाच्या हाताखाली वाचलंत यावर ठरतं. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात आंतरराष्ट्रीय लवादासाठी १९८५ पासून स्वतंत्र केंद्र आहे. मानवी हक्कांसाठी एसेक्सचं नाव घेतात. मुंबई उच्च न्यायालयात जहाजांच्या दाव्यांचं काम करायचं असेल, तर साउथॅम्प्टन किंवा स्वॉन्झी हे एखाद्या जास्त गाजलेल्या विद्यापीठापेक्षा उपयोगी ठरेल. ऑक्सफर्डच्या पदवीचं नाव बीसीएल. नावात ‘बॅचलर’ असलं तरी ती पदव्युत्तरच आहे, आणि भारतातून एलएलबी केलेले तिथे त्यासाठीच अर्ज करतात.

विद्यापीठाच्या पानावर मॉड्यूलची यादी असते. ती वाचताना त्या वर्षी प्रत्यक्ष काय शिकवलं जाणार आहे ते बघा. यादीतले सगळे विषय दरवर्षी चालतात असं नाही. चार-पाच विद्यापीठं पुरेत.

वेळापत्रक

वर्ग सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरात सुरू होतात. तयारी त्याआधी किमान सव्वा वर्ष सुरू व्हायला हवी. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या आणि मोठ्या शिष्यवृत्त्यांच्या मुदती आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर ते जानेवारीत संपतात. बाकी अनेक ठिकाणी जागा भरेपर्यंत अर्ज घेतात, पण उशीर केला की शिष्यवृत्तीचे पैसे संपलेले असतात. सगळ्यात आधी आपल्या विद्यापीठाकडे ट्रान्स्क्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी, अर्ज टाका. आपल्या विद्यापीठांत त्यालाच सगळ्यात जास्त वेळ जातो. मग आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा. कायद्याला इंग्रजीची अट इतर विषयांपेक्षा वर असते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजला एकूण ७.५ आणि प्रत्येक भागात किमान ७ लागतात. आपली मुलं बहुधा लेखनात अडकतात, तेव्हा सराव तिथे करा. एखाद्या वर्षी एटीकेटी लागली असेल तर लपवू नका, ट्रान्स्क्रिप्टमध्ये ती दिसतेच.

शिफारसपत्रं बहुतेक ठिकाणी दोन लागतात, बहुधा शिकवणाऱ्यांची. सरांना किंवा मॅडमना दोन महिने आधी भेटा. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं उत्तर आलं तर नम्रपणे नाही म्हणा. त्याऐवजी तुमचा एखादा प्रबंध, मूटचं (अभिरूप न्यायालय स्पर्धेचं) मेमोरियल, वर्गातल्या कामाची टिपणं त्यांना द्या, म्हणजे त्यांना लिहायला काहीतरी हाती राहील. पत्र कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरून गेलेलं बरं.

उद्देशपत्र

या कागदावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन. विचारायला येणाऱ्यांचे मसुदे मी वाचते. त्यातले निम्मे ‘लहानपणापासून मला न्यायाची ओढ होती’ इथून सुरू होतात. ते खरंही असेल, पण अर्ज वाचणाऱ्याला त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही.

त्याऐवजी असं बघा. ज्युनिअर म्हणून तुम्ही एका करारावर काम केलं. त्यात लवादाचं कलम होतं, सही होती एका कंपनीची, आणि पैसे बुडवले तिच्याच समूहातल्या दुसऱ्या कंपनीने. सही न केलेल्या त्या कंपनीला लवादापुढे ओढता येईल का? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये कॉक्स अँड किंग्ज खटल्यात कंपनी-समूहाचं तत्त्व मान्य केलं, म्हणजे सही न केलेली समूहातली कंपनीही बांधली जाऊ शकते. इंग्लंडची न्यायालयं ते मानत नाहीत. हे दोन देश इथे वेगळे का झाले, आणि मुंबईत बसून असे करार लिहिणाऱ्याने त्यातून काय घ्यावं, हा झाला प्रश्न. हा प्रश्न पहिल्या परिच्छेदात मांडा. दुसऱ्यात त्यावर तुम्ही आत्तापर्यंत काय वाचलंत, काय लिहिलंत ते सांगा. तिसऱ्यात त्याच विद्यापीठाची दोन-तीन मॉड्यूलं नावानिशी घेऊन ती का हवीत ते लिहा. विद्यापीठाचं नाव बदलून हेच पत्र दुसरीकडे पाठवता येत असेल, तर ते अजून झालेलं नाही.

पैसा

फी विद्यापीठानुसार साधारण २० ते ५० हजार पौंड. इथे पौंड १२० रुपये धरला आहे, तुम्ही चालू दरापेक्षा थोडा चढा धरून हिशेब करा, म्हणजे रुपया घसरला तरी अंगाशी येत नाही.

ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीत फी, राहणं आणि प्रवास सगळं येतं. त्यासाठी २,८०० तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. कॉमनवेल्थ, फेलिक्स, इनलॅक्स यांच्या अटीही वाचा. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देतं.

महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. तिचे अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे जातात. इतर मागास बहुजन कल्याण विभाग, आदिवासी विकास विभाग आणि ‘सारथी’ यांच्याही परदेश शिष्यवृत्त्या आहेत. पात्र असाल तर संकोच न करता अर्ज करा. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावं लागलं होतं. १९२० मध्ये ते पुन्हा गेले, त्यात शाहू महाराजांची मदत होती. आज या योजनेला महाराजांचं नाव आहे. अडचण वेळापत्रकाची येते. शासनाचा निकाल आणि विद्यापीठाची डिपॉझिटची तारीख जुळतेच असं नाही. अर्ज केल्याचा पुरावा जोडून विद्यापीठाला मुदतवाढ मागा.

व्हिसा

डिपॉझिट भरलं, अटी पूर्ण झाल्या की विद्यापीठ ‘कॅस’ क्रमांक देतं, म्हणजे प्रवेश पक्का झाल्याची नोंद. तो आला की स्टुडंट व्हिसाचा अर्ज करायचा. त्याआधी मान्यताप्राप्त केंद्रात क्षयरोगाची तपासणी करून दाखला घ्यावा लागतो. व्हिसाच्या फीशिवाय आरोग्य अधिभार असतो, वर्षाला ७७६ पौंड. पूर्ण बारा महिन्यांच्या कोर्सला दीड वर्षाचा, म्हणजे १,१६४ पौंड भरावा लागतो.

अर्ज फसतात ते बँकेच्या कागदांवर. समजा लंडनमधली फी ३२,००० पौंड आणि त्यातले ५,००० भरलेत. राहिले २७,०००. नोव्हेंबर २०२५ पासूनच्या नियमाने लंडनसाठी राहण्याचा खर्च महिना १,५२९ पौंड धरतात, तोही नऊ महिन्यांचा, म्हणजे १३,७६१. एकूण ४०,७६१ पौंड, जवळपास ४९ लाख रुपये. एवढी रक्कम खात्यात सलग २८ दिवस हवी. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली, तरी मोजणी पहिल्यापासून. शेवटची तारीख अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांतली हवी. वर दोन-तीन लाख जादा ठेवा. शेअर, पीएफ चालत नाहीत. आई-वडिलांचं खातं चालतं, पण जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र लागतं. दाखला मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. काकांच्या किंवा मामांच्या खात्यातले पैसे मात्र चालत नाहीत. ते तुमच्या खात्यात घ्या आणि मग २८ दिवस मोजा. शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेचं मंजुरीपत्र लागतं.

आणखी तीन गोष्टी. जानेवारी २०२४ पासून अशा अभ्यासक्रमाला पती, पत्नी, मुलं सहसा सोबत नेता येत नाहीत. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि प्रबंधाचा उन्हाळासुद्धा सत्रातच मोडतो. स्वतंत्र व्यवसायाला बंदी आहे, त्यामुळे तिथे बसून इथल्या अशिलांचे मसुदे फी घेऊन करू नका. शिक्षणानंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसाची मुदत १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दोन वर्षांऐवजी अठरा महिने आहे. कर्जाचे हप्ते तिथल्या पगारातून फेडायचा बेत असेल, तर हा आकडा धरून हिशेब मांडा.

पोहोचल्यावर

सेमिनारला वाचून जावं लागतं. एका तासासाठी शंभर-सव्वाशे पानं ही नेहमीची गोष्ट. ऑस्कोला ही संदर्भ देण्याची पद्धत पहिल्याच आठवड्यात हाताखालून घाला, नाहीतर प्रबंधाच्या वेळी रात्री त्यातच जातात. गुणांचं गणितही वेगळं आहे. ५० ला उत्तीर्ण, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. पहिल्या निबंधाला ६२ आले म्हणून घरी फोन करून रडलेली मुलं मी पाहिली आहेत. ६२ चांगले गुण आहेत. शिक्षकांनी समासात लिहिलेला शेरा वाचा आणि त्यांच्या भेटीच्या वेळेत जाऊन विचारा. तिथे प्रश्न विचारणं कुणी उद्धटपणा मानत नाही.

लंडनमध्ये असाल तर पार्लमेंट चौकातल्या सुप्रीम कोर्टात एक दिवस जाऊन बसा. प्रवेश मोफत आहे. प्रिव्ही कौन्सिलची न्यायिक समितीही आता त्याच इमारतीत बसते. भारतातली अपिलं तिच्याकडे १९४९ पर्यंत जात. अज्ञान म्हणजे अल्पवयीन व्यक्तीचा करार मुळातच रद्दबातल, हा मोहरी बीबी खटल्यातला १९०३ चा निकाल तिनेच दिला, आणि एलएलबीच्या पहिल्या वर्षी आपण सगळ्यांनी तो पाठ केलेला असतो.