उन्हाळ्यात भाजीबाग का बिघडते? या चुका टाळा

भर दुपारी काकडीच्या वेलाने माना टाकलेल्या दिसल्या की बहुतेक जण झारी घेऊन धावतात. जरा थांबा. कडक उन्हात मुळं जेवढं पाणी ओढतात त्याहून जास्त पानांतून उडून जातं, म्हणून पानं तेवढ्यापुरती मलूल होतात. काकडी, भोपळा, दोडका यांची पानं मोठी, त्यामुळे तिथे हे जास्त जाणवतं. ऊन उतरल्यावर पुन्हा बघा. पानं ताठ झाली असतील तर वेल ठणठणीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीही मलूलच असतील तर मात्र काहीतरी बिघडलंय, आणि ते पाणी कमी पडल्यामुळेच असेल असं नाही. बोट दोन पेरं मातीत खुपसा. कोरडं लागलं तर पाणी द्या. माती चिकट ओली असेल आणि खालची पानं पिवळी पडत असतील तर मुळं कुजायला लागली असण्याची शक्यता जास्त. वरून दोन्ही झाडं सारखीच दिसतात, उपाय मात्र नेमका उलटा.

रोज थोडंथोडं पाणी शिंपडणं हीसुद्धा चूकच. त्याने वरचा इंचभर थर भिजतो, मुळं तिथेच घुटमळतात आणि उन्हात तोच थर आधी तापतो. सकाळी लवकर, कुंडीच्या तळाच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत द्या. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी चांगलंच गरम असतं. ते आधी बाजूला सोडून द्या. मातीवर वाळक्या पानांचं दोन-तीन इंच आच्छादन घाला, फक्त ते खोडाला चिकटू देऊ नका.

टोमॅटोच्या बुडाशी काळा, खोलगट डाग पडला की कुणी कीटकनाशक फवारतं, कुणी कुंडीत अंड्याची टरफलं टाकतं. हा डाग किडीचा नाही. फळापर्यंत कॅल्शियम पोचलं नाही की तो पडतो. मातीत बहुधा ते असतंच, पण माती कधी खडखडीत तर कधी चिखल झाली की झाडाला ते नीट उचलता येत नाही. टरफलं विरघळायला फार काळ लागतो, तोवर हंगाम संपतो. डागाळलेलं फळ तोडा आणि पाण्याचं वेळापत्रक सांभाळा. पुढची फळं चांगली येतील. टोमॅटो तडकण्यामागे आणि काकडी कडू होण्यामागेही बऱ्याचदा हाच अनियमितपणा असतो.

फुलं येतात आणि गळतात, ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या पुढे गेलं आणि रात्रीही गारवा नसला की टोमॅटोचे परागकण निकामी होतात. अशा वेळी खत वाढवणं हा सर्वांत वाईट उपाय. युरियासारख्या नत्राच्या खताने पाला माजतो, फुलं उशिरा येतात, आणि कुंडीतल्या तापलेल्या मातीत जास्त खताने पानांच्या कडाही करपतात. दुपारपुरती शेडनेटची सावली करा आणि उकाडा ओसरायची वाट बघा.

वेलभाज्यांचं गणित वेगळं. सुरुवातीला नुसती नर फुलं येतात आणि गळतात, त्यात काळजीचं काही नाही. मादी फुलामागे इवलंसं फळ दिसतं. तेही पिवळं पडून गळत असेल तर परागीभवन होत नाहीये. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि आतला पुंकेसर मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा. काकडी आणि लाल भोपळ्यासाठी सकाळची वेळ. दुधी आणि दोडक्याची फुलं मात्र संध्याकाळी उमलतात. सकाळी नर फूल घेऊन दुधीपाशी उभं राहण्यात अर्थ नाही.

मिरचीची पानं आकसली की ‘बोकड्या (पानं आकसण्याचा रोग) आला’ म्हणून हाताला लागेल ते फवारलं जातं. आधी पान उलटून बघा. कडा वरच्या बाजूला वळल्या असतील तर बहुधा फुलकिडे (थ्रिप्स), खाली वळल्या असतील तर बहुधा कोळी (माइट, जाळं विणणारा नेहमीचा कोळी नव्हे). कोळी हा कीटक नव्हे, त्यामुळे बरीचशी कीटकनाशकं त्याच्यावर चालत नाहीत. सुरुवातीला दोन्हींसाठी लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल आणि साबणाचे काही थेंब पुरतात; पण फवारणी ऊन उतरल्यावरच, पानांच्या खालच्या बाजूने. उन्हात फवारलं तर तेलानेच पानं भाजतात. शेंडा बारीक, पिवळट होऊन वाढच थांबली असेल तर तो विषाणू असू शकतो. त्यावर औषध नाही. झाड उपटून टाकलेलं बरं, नाहीतर पांढरी माशी शेजारच्या झाडांवर तो नेते.

पालेभाज्यांशी फार भांडू नका. कोथिंबीर कडक उन्हात लवकर फुलावर येते. सावलीत, थोडीथोडी, दर पंधरवड्याला पेरा, एवढंच आपल्या हातात.

भेंडी मात्र उन्हाळ्यात खुशीत असते; तिथे चूक आपल्या आळसाची. फूल आल्यापासून पाच-सहा दिवसांत तोडली नाही तर ती निबर होते, आणि निबर शेंगा झाडावर राहिल्या की नवीन फुलं कमी येतात. खाण्याजोगी राहिली नसली तरी तोडाच.