जुनं विंडोज ठेवायचं की काढायचं?

कोणी जुना कॉम्प्युटर दुकानात आणला की माझा पहिला प्रश्न ठरलेला: याच्यावर नेट चालतं का? रॅम किती, कधी घेतला, हे नंतर.

आवृत्ती माहीत नसेल तर विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, उघडलेल्या चौकटीत winver टाइप करा आणि एंटर दाबा. विंडोज एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले, सेव्हनचे १४ जानेवारी २०२० ला आणि टेनचे १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्या तारखेला मशीन बंद पडत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण त्यानंतर सापडलेली सुरक्षेची भोकं कोणी बुजवत नाही, आणि नुसता अँटिव्हायरस त्याला पुरत नाही.

आता डीटीपीवाल्यांचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणाऱ्यांचं. त्यांना मी एक्सपी काढा म्हणत नाही. त्यांचं पानं लावायचं सॉफ्टवेअर पेजमेकर ७ आलं २००१ साली, त्याला युनिकोड, म्हणजे आजची सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत, कळत नाही. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, सगळं जुन्या मराठी फॉन्टांत बसवलेलं. त्यात डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअर चालायला लावावी लागणारी किल्ली, मागच्या प्रिंटर पोर्टला, आणि तो पोर्ट बहुतेक नव्या मशीनला नसतो. चालतंय ते चालू द्या, पण माझ्या अटींवर.

लॅनची वायर काढा. वायफाय असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन डिसेबल करा, नाहीतर दुकानातला पोरगा गाणी लावायला मोबाइलचा हॉटस्पॉट जोडतोच.

नव्या मशीनशी फोल्डर शेअरिंगही नको. एक्सपी फाइली देतो-घेतो ते एसएमबी १ या जुन्या पद्धतीनं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरला तो याच पद्धतीतल्या भोकातून. विंडोज टेनच्या नंतरच्या आवृत्त्यांत आणि इलेव्हनमध्ये ती मुळातच बंद ठेवलेली असते. शेअरिंग जमत नाही म्हणून कोणी 'फीचर्स'मध्ये जाऊन ती चालू करायला लागला, तर त्याचा हात धरा. एका जुन्या मशीनसाठी नवंही उघडं पडतं.

फाइल न्यायला एकच पेनड्राइव्ह राखून ठेवा, फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला. एक्सपीला तो विनातक्रार वाचता येतो. फक्त ४ जीबीहून मोठी एक फाइल त्यात बसत नाही. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह थेट एक्सपीला लावायचा नाही. आधी नव्या मशीनवर स्कॅन, मग त्यातली फाइल आपल्या पेनड्राइव्हवर. एक्सपीचा ऑटोरन, म्हणजे पेनड्राइव्ह लावताच त्यातलं आपोआप चालू होणं, बंद करून घ्या.

असल्या मशीनचा घात बहुतेक वेळा हार्ड डिस्क करते, व्हायरस नव्हे. क्लोनझिला या फुकट सॉफ्टवेअरनं अख्ख्या डिस्कची प्रत काढा आणि ती प्रत दुसऱ्या डिस्कवरून एकदा चालू करून बघा. न बघितलेल्या बॅकअपवर माझा काडीचा विश्वास नाही. डोंगल यूएसबीचं असेल तर नव्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे विंडोजच्या आत दुसरं विंडोज चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एक्सपी टाकून बघता येतं, तिथेही नेट बंद ठेवून.

जुनं काम हळूहळू बाहेर काढायचं असेल तर पेजमेकर ६ आणि ७ च्या फाइली इनडिझाइन या पानं लावायच्या नव्या सॉफ्टवेअरच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या उघडतात, पुढच्या उघडत नाहीत. मजकूर कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणला की 'कार्याध्यक्ष', 'सुऱ्या', 'शृंगार' असे शब्द आधी तपासा. जोडाक्षर मोडलेलं किंवा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेला तिथेच सापडतो.

घरी किंवा ऑफिसात बँक, जीएसटी, मेल चालतं त्या मशीनचा हिशोब वेगळा. तिथे सेव्हनला माझ्याकडे दयामाया नाही. क्रोमसुद्धा फेब्रुवारी २०२३ मध्ये १०९ नंतर त्याला सोडून पुढे गेला. टेन असेल तर आधी बायोस, म्हणजे मशीन चालू होतानाचं सेटिंग, बघा. इलेव्हनला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि ती पुष्कळदा नुसती बंद असते. इंटेलमध्ये 'पीटीटी', एएमडीमध्ये 'एफटीपीएम' नावानं. इंटेल प्रोसेसर मात्र साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. प्रोसेसर बसत नसताना रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदींत, खटपट करून इलेव्हन टाकून द्या म्हणणारे येतात. मी टाकून देत नाही. पुढचा मोठा अपडेट अडला की ते माझ्याच दारात येणार.

इलेव्हन बसत नसेल तर घरच्या वापरासाठी टेनच्या वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. टेन २२एच२ आवृत्तीचं हवं आणि मायक्रोसॉफ्ट खातं हवं. तेवढ्या मुदतीत नवीन मशीनचे पैसे बाजूला काढा. नुसतं नेट आणि पत्रं टाइप करण्यापुरतं असेल तर एसएसडी टाकून विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स मिंट चालवा. टॅलीवाल्यांनी तिकडे वळू नये, टॅली विंडोजवरच चालतं. आणि डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर मिंट टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून टोकन ओळखलं जातंय का, बघून घ्या.