छोटा ट्रॅक्टर सुरू होत नाही? आधी सेल्फ मारणं थांबवा, आणि या चुका टाळा

मोसंबीच्या आंबिया बहरासाठी बागेचं पाणी बंद ठेवतात, तो ताण तोडायची वेळ आली की जालन्याच्या अंबड-घनसावंगी भागातून मला पहाटेपासून फोन सुरू होतात. ताणाच्या दिवसांत बागेतली मशागत बंद, छोटा ट्रॅक्टर शेडमध्ये उभा. मग जानेवारीच्या गारठ्यात एके सकाळी शेणखत, हलकी मशागत, पाणी, सगळं एकदम करायचं असतं आणि नेमका तेव्हाच ट्रॅक्टर अडतो. अठरा वर्षं मी ट्रॅक्टर दुरुस्तीचंच काम करतोय. मी पोचतो तेव्हा मूळ बिघाड बहुतेक वेळा किरकोळ असतो. खर्चाचा बिघाड असतो तो घाईत केलेला.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, मारत राहणाऱ्यांना बघून. एका बागायतदाराचा 18 एचपीचा ट्रॅक्टर रोटाव्हेटर मारताना दोन ओळींच्या मधे डिझेल संपून बंद पडला. पोराने कॅन आणून पाच लिटर ओतलं आणि लगेच किल्ली फिरवायला सुरुवात केली. बॅटरी उतरली. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची काढून आणली, तीही उतरवली. शेवटी सेल्फमधून जळकट वास आणि धूर आला, तेव्हा कुठे मला फोन लागला. मी गेलो तर सेल्फला हात लावायची सोय नव्हती, इतका तापलेला.

झालं काय होतं? लाइनीने हवा धरली होती, बस. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पंप डिझेलला जबरदस्त दाब देतो, त्या दाबाने नोझल उघडतं आणि फवारा पडतो. टाकी कोरडी झाली की नळीत हवा शिरते आणि पंप त्या हवेलाच दाबत बसतो. हवा दबते, पण नोझल उघडत नाही. मग तुम्ही दहा वेळा सेल्फ मारा नाहीतर शंभर वेळा.

फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू दोन आटे सैल केला आणि हातपंप मारायला लागलो. आधी फुसफुस, मग पांढरट फेस, मग बुडबुडे असलेलं डिझेल आणि शेवटी एकसारखी धार. धार आली की पंप मारता मारताच स्क्रू आवळायचा, नाहीतर पुन्हा हवा आत. मग डिझेल पंपावरच्या स्क्रूचं तसंच. तरी नाही जमलं तर नोझलकडच्या नळ्यांचे नट थोडे सैल करून थोडा सेल्फ द्यायचा, पण त्या धारेपुढे बोट धरायचं नाही, त्या दाबाचं डिझेल कातडीच्या आत घुसतं. या सगळ्याला पंधरा मिनिटं लागली. जळालेला सेल्फ खोलून जालन्याला नेला, आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, बदललं, त्यात दोन दिवस आणि रोटाव्हेटर मारायला हवी तशी जमिनीची ओल, म्हणजे वाफसा, गेला. ज्या ट्रॅक्टरला हातपंप नसतो आणि टाकी उंचावर असते तिथे स्क्रू सैल केला की डिझेल आपोआप उतरतं, फक्त धीर धरावा लागतो. तोच कुणाकडे नसतो.

माझी सवय अशी. दहा सेकंद सेल्फ, मग मिनिटभर हात मागे. असं तीनदा. चौथ्यांदा मी किल्लीला हात लावत नाही, खाली उतरतो. त्या मोकळ्या मिनिटात कान द्या आणि सायलेन्सरकडे बघा. इंजिन जोरात फिरतंय आणि धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल पोचत नाही: कॉक, फिल्टर, हवा, किंवा इंजिन बंद करायचा नॉब ओढलेलाच राहिलाय. पांढरा धूर येतोय, म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही, थंडीत इंजिन आतून तापवणारा हीटर न लावता घाई केली की हमखास असं होतं. नुसतं ‘टकटकटक’ होत असेल तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे. काहीच आवाज नसेल तर फ्यूज, क्लच किंवा पीटीओचा (मागच्या अवजाराला फिरवणाऱ्या दांड्याचा) स्विच, नाहीतर वायर.

हा शेवटचा प्रकार आला की लोक पेचकस काढतात. सेल्फच्या दोन टोकांवर पेचकस आडवा टेकवला की ठिणगी उडते आणि इंजिन फिरतं. कुणीतरी एकदा करून दाखवलेलं असतं, मग ते डोक्यात पक्कं बसतं. मला हे बघवत नाही, आणि त्याला कारण आहे.

माझ्या दाजींच्या ट्रॅक्टरचा हँडब्रेक ढिला होता म्हणून ते गिअरमध्ये टाकूनच उभा करायचे. एक दिवस किल्ली फिरवली, आवाज नाही. त्यांनी खाली उतरून, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधे उभं राहून सेल्फवर पेचकस ठेवला. किल्ली चालूच होती. डिझेल इंजिन गरम असलं की अर्ध्या फेऱ्यात पकडतं. ट्रॅक्टर पुढे निघाला आणि मागचं चाक त्यांच्या पायावरून गेलं. पुढे मोसंबीच्या झाडाला अडकून तो बंद पडला म्हणून तेवढ्यावर भागलं. नडगीचं हाड दोन जागी मोडलं, चार महिने खाटेवर. मी दुसऱ्या दिवशी तो ट्रॅक्टर बघायला गेलो. क्लचच्या स्विचची वायर उंदराने कुरतडली होती. बोटभर वायर. क्लच दाबल्याशिवाय सेल्फ फिरू नये म्हणूनच तो स्विच असतो, आणि पेचकस नेमका त्यालाच बाजूला सारतो. तो स्विच कायमचा जोडून टाकायला सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला मी सरळ नाही म्हणतो. राग आला तर येऊ दे.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी साचली की गरम पाण्यात सोडा टाकून धुवा, कोरडं करा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा. काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. चांगली बॅटरी निवांत असताना 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना मीटरचा काटा साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल तर तिला चार्जिंग नाहीतर रजा द्या. ट्रकची बॅटरी लावू नका, बहुतेक ट्रकांत दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्ट केलेले असतात आणि आपला ट्रॅक्टर 12 चा. टाकीचं झाकण हरवलं म्हणून पॉलिथिन बांधू नका. झाकणाला हवेचं बारीक छिद्र असतं, ते नसलं की टाकीत ओढ बसते, डिझेल उतरत नाही आणि ट्रॅक्टर थोडं चालून बंद पडतो. फिल्टरखालच्या वाटीत पाणी साचतं ते सोडून द्या, उघड्या कॅनचं डिझेल फडक्याशिवाय ओतू नका. हीटर असलेल्या इंजिनात सुरू करायचा पेटता स्प्रे मारू नका आणि हवेच्या नळीपाशी पेटती चिंधी तर अजिबात धरू नका. दोरी लावून ओढल्याने लाइनीतली हवा निघत नाही, गिअरबॉक्सला मात्र झटका बसतो. दोन-तीन आठवडे उभा ठेवायचा असेल तर निगेटिव्ह काढून ठेवा आणि शेडमध्ये कडब्याला लागून लावू नका, उंदीर तिथूनच येतात.

आणि मिस्त्रीला फोन लावताना ‘सुरू होईना’ एवढंच सांगू नका. इंजिन फिरतंय का, आवाज कसला, धूर कुठला, शेवटी कधी चालला, मधे डिझेल संपलं होतं का, एवढं सांगा. फोन लावायच्या आधी टाकीत स्वच्छ काठी घालून डिझेल बघा. जुन्या ट्रॅक्टरचा काटा अर्धी टाकी दाखवतो आणि काठी कोरडी निघते.